गोष्ट सोबत्याची सांग

सातारा

चि. छोटीस,

तुझं पत्र पोचलं. शाळेत रुळलीस, मुलं मोकळेपणी बोलायला लागली आणि शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा ठेवलास, हे वाचून फार बरं वाटलं. शिवकाळातल्या गोष्टी मुलांना आवडतात, पण लढाई संपली की त्यांच्या डोक्यात नुसती तलवारच उरते. मैत्री, दिलेला शब्द, माणुसकी हे कसं पोचवायचं, असं तू विचारलं आहेस. इतकी वर्षं मुलांसमोर उभी राहिले त्यावरून सांगते. गोष्ट महाराजांचीच सांग, पण ती त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने सांग.

आमच्या शाळेत पन्हाळ्याच्या वेढ्याचं नाटक बसवायचं ठरलं की सगळ्या पोरांना महाराज व्हायचं असायचं. उरलेल्यांना बाजीप्रभू. शिवा काशीद व्हायला कुणी पुढे यायचं नाही, कारण तो लढत नाही, महाराजांच्या वेषात नुसता पालखीत बसून राहतो. एका वर्षी ते काम वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला दिलं. तालमीत पुठ्ठ्याच्या पालखीत बसल्या बसल्या त्याने मला विचारलं, "बाई, पालखी उचलणाऱ्या भोयांना ठाऊक होतं का, की आत महाराज नाहीत?" मी उत्तर दिलं नाही. वर्गालाच विचारलं. अर्धा वर्ग म्हणाला, ठाऊक असणारच. अर्धा म्हणाला, ठाऊक असतं तर त्यांचे पाय लटपटले असते. मग एक मुलगी म्हणाली, ठाऊक असूनही ते चालले असतील तर तेही शिवा काशीदच की. हे मी शिकवलेलं नव्हतं. त्या मुलाला पालखीत बसवलं नसतं तर हा प्रश्न वर्गात आलाच नसता. म्हणून गोष्ट सांगून झाली की प्रत्येक वेळी एखाद्या मुलाला अशा जागी बसव, जिथे टाळ्या पडत नाहीत.

पन्हाळ्याच्याच वेढ्यात आणखी एक माणूस आहे, त्याचं नाव पोरांच्या कानावर सहसा पडत नाही. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला होता. वेढा फुटला नाही. हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा घालणारा सिद्दी आणि तो फोडायला धावलेलाही सिद्दी, हे मुलांना जरूर कळू दे. प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी बरोबर घेतलेल्या दहा अंगरक्षकांतही सिद्दी इब्राहिमचं नाव येतं. तुझ्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसतात. गोष्ट ऐकताना एकाही मुलाची मान खाली जाता कामा नये. ही जबाबदारी सांगणाऱ्याची असते, आणि त्यासाठी इतिहासात काही घुसडावं लागत नाही, आहे ते वगळलं नाही की झालं.

प्रतापगड तर आमच्या सातारा जिल्ह्यातला. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखान पडला, सय्यद बंडाने महाराजांवर वार उगारला आणि जिवा महालाने तो हात वरच्या वर तोडला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तुझ्या मुलांना येत असेलच. ती पाठ करून घेऊ नकोस. त्याऐवजी विचार, की त्या क्षणी जिवा कुठे बघत होता? खान पडल्यावर सगळ्यांचे डोळे खानाकडे गेले असतील, त्याचे मात्र आपल्या माणसावर होते. सोबती असणं म्हणजे काय, हे पोरांना एवढ्यावरून समजतं. आणि गडाखाली खानाची कबर आहे, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट संपवू नकोस. वैर मेल्या माणसापाशी थांबलं, ही त्या गोष्टीची अर्धी बाजू आहे.

रॉबिन हूडची गोष्ट मुलांनी टीव्हीवर पाहिलेली असेल. ओंडक्याच्या पुलावर तो आणि लिटल जॉन वाट अडवून काठ्यांनी लढतात आणि मग जन्माचे मित्र होतात. तिथून मुलांना जावळीत आण. १६५६ साली महाराज जावळीवर आले तेव्हा मुरारबाजी देशपांडे चंद्रराव मोऱ्यांच्या बाजूने लढत होता. महाराजांनी त्याचं शौर्य ओळखलं आणि त्याला आपल्यात घेतलं. नऊ वर्षांनी पुरंदरावर दिलेरखानाने तसाच हात पुढे केला, आमच्याकडे ये म्हणाला. मुरारबाजीने तो नाकारला आणि तिथेच पडला. मुलं लगेच विचारतील, की एकदा बाजू बदलली तर दुसऱ्यांदा का नाही? विचारू दे. पाचवीच्या मुलाला न्याय आणि फितुरी यातला फरक शोधायला लावणारा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

हाच दिलेरखान तुझ्या उशाशी येऊन गेलेला आहे. तू खानापूर तालुक्यात शिकवतेस आणि पत्रात बाणूरगडाचं नाव नाही, याचं मला नवल वाटलं. बाणूरगड म्हणजेच भूपाळगड. त्याचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. १६६० साली याच फिरंगोजीने चाकणचा इवलासा भुईकोट शाएस्ताखानाच्या अवाढव्य फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला होता. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे कोट पडला. खानाने चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. असा माणूस १६७९ मध्ये भूपाळगडावर उभा आहे, खाली दिलेरखानाची फौज आहे, आणि त्या फौजेत शंभूराजे आहेत. बापावर रुसून मोगलांकडे गेलेले, विशीतले युवराज. तोफ डागायची तर समोर धन्याचा मुलगा. न डागायची तर गड जातो. फिरंगोजीचा हात चालेना, असं सांगतात. गड पडला, आणि दिलेरखानाने पकडलेल्या सातशे माणसांचे हात तोडले, अशी नोंद आहे.

एवढ्यावर थांबू नकोस. दिलेरखान पुढे गोरगरीब रयतेवर जे अत्याचार करत सुटला ते शंभूराजांना सहन झालं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ते निसटून पन्हाळ्यावर आले. महाराज स्वतः पन्हाळ्याला जाऊन मुलाला भेटले. चुकलेला परत येऊ शकतो आणि परत आलेल्याला दार उघडायचं असतं, हे मुलांना दुसऱ्या कुठल्या गोष्टीत इतकं उघड दिसत नाही. शंभूराजांचं पुढचं धैर्य सगळ्यांना पाठ असतं, म्हणून काही जण ही गोष्ट मुलांपुढे आणायला कचरतात. तू कचरू नकोस. हात तोडल्याचं मात्र चौथीपर्यंतच्या मुलांना सांगू नकोस. तेवढं मोठ्यांसाठी राहू दे.

त्याच गडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. स्वराज्याच्या हेरखात्याचा हा प्रमुख परमुलखात, परक्या वेषात वावरला. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खडान् खडा माहिती त्यानेच काढून आणली. तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गलाईच्या धंद्यात आहेत. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी आसामात सोनं-चांदी गाळत बसलेलं असतं आणि गावच्या जत्रेलाच घरी येतं. परक्या गावात, परक्या भाषेत, आपलं माणूस जवळ नसताना इमान कसं सांभाळायचं, हे त्या पोरांना पुस्तकाआधी घरी कळलेलं असतं. बहिर्जीची गोष्ट त्यांना सांग आणि वडील तिकडे कुणाच्या भरवशावर राहतात, ते विचार. त्यांच्याकडून तुलाच चार गोष्टी ऐकायला मिळतील.

मोठ्या मुलांपुढे संताजी-धनाजी ठेव. राजाराम महाराज जिंजीला असताना या दोघांनी मोगलांची झोप उडवली. पाण्यातही त्यांची रूपं दिसून मोगली घोडी पाणी पीत नसत, असं लोक सांगत आले. सगळे इथेच थांबतात. पुढे दोघांत वितुष्ट आलं, एकमेकांवर फौजा घालण्यापर्यंत गेलं, आणि १६९७ मध्ये एकटे पडलेले संताजी म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून मारले गेले. मान्यांच्या मेव्हण्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं, त्याचा तो सूड, असं म्हणतात. म्हसवड तुझ्यापासून काही फार लांब नाही. मैत्री जुळल्याच्या गोष्टी आपण उदंड सांगतो, तुटल्याची एकही सांगत नाही, आणि शाळेतल्या मुलांचं रोजचं दुःख तर तेच असतं. कालचा जिवलग आज बाक बदलून बसतो. त्यांना कळू दे, की एवढ्या मोठ्या माणसांचंही असं झालं आणि त्याची किंमत सगळ्या मुलखाने मोजली.

आता खऱ्याखोट्याचं. तानाजीची घोरपड मुलांना हवीच असते. सांग, पण 'असं सांगतात' हे दोन शब्द जोडून सांग. पोवाडा, बखर आणि त्या वेळचं पत्र या तीन वेगळ्या वस्तू आहेत. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा, तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा यांची नावं मुलांना कळली पाहिजेत. गोष्ट कुणीतरी रचून, गाऊन आपल्यापर्यंत आणली, हे त्यांना समजतं. घोरपड खरी का, असं विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नकोस. तो मुलगा शिवद्रोही नाही, तो नीट ऐकतो आहे.

वाचून दाखवायला गोनीदांचं 'झुंजार माची' किंवा 'दर्याभवानी' घे. भाषा जड वाटेल तिथे थांबून सांग, पण सोपी करून पातळ करू नकोस. हरिभाऊ आपट्यांचं 'गड आला पण सिंह गेला' सातवीच्या मुलांना झेपतं. आणि शेवटी फळ्यावर तात्पर्य लिहिण्याची सवय आजच सोड. तात्पर्य लिहिलं की मुलं वही बंद करतात.

थंडी आहे तोवर मुलांना बाणूरगडावर ने. पालकांची संमती घे, पाणी भरपूर घे, बरोबर गावातलं एखादं जाणतं माणूस असू दे. फिरंगोजीची गोष्ट वर्गात अर्धीच सांग. शंभूराजे समोर आले इथपर्यंत. पुढची गडावर बसून सांग. त्याआधी प्रत्येकाला विचार, तू किल्लेदार असतास तर काय केलं असतंस? त्यांची उत्तरं त्यांच्याच अक्षरात मला पाठव, शुद्धलेखन न सुधारता.

तुझी
आत्या