कल्पक उपकरणे आणि घरचा ओटा

विद्यालयाच्या विज्ञानप्रदर्शनात स्वयंपाकघराच्या उपयोगाची एखादी नवी युक्ती मांडलेली नाही, असे वर्ष क्वचितच जाते. कोणी लसूण सोलण्याचे यंत्र करतो, कोणी दूध उतू जाऊ लागताच घंटा वाजेल अशी योजना करतो, कोणी सायकलच्या चाकावर मिक्सर फिरवून दाखवितो. पाहणारे वाहवा करतात, परीक्षक गुण देतात; आणि फलकावर ज्या मातेच्या सोयीसाठी ते उपकरण केले म्हणून लिहिलेले असते, तिच्या ओट्यावर मात्र ते सहसा पोहोचत नाही. असे का व्हावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहो. मुलांच्या कल्पकतेस उणे लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु युक्ती चालणे व ती घरात चालणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरीचा अभ्यास पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नाही.

आरंभ विळीपासून करू. कारण तिची योजना इतकी पूर्ण आहे की तिला कोणी योजना म्हणून ओळखतच नाही. लाकडी पाट, त्यावर उभे वाकलेले पाते, आणि पात्याच्या टोकाला नारळ खवण्याचे दाते. सुरीने चिरताना एक हात पदार्थ धरण्यात गुंततो व दुसरा सुरी चालवितो. विळीत पाते स्थिर असते आणि पदार्थ हलतो, त्यामुळे दोन्ही हात पदार्थावर राहतात. लाल भोपळा, फणस किंवा मोठी मासळी कापताना या फरकाचे महत्त्व कळते. पण विळी स्थिर राहते ती कशामुळे? बसणाऱ्याच्या पायामुळे. म्हणजे या उपकरणाचा अर्धा भाग लोहाराने व सुताराने घडविला, आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे जमीन व तिच्यावर बसलेली व्यक्ती होय.

आता आपल्या नगराकडे पाहा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसू लागली. इमारतींतील घरांत उभ्याने काम करण्याचा ओटा आला. ओट्यावर पाय ठेवता येत नाही. तेव्हा विळी दाराआड गेली आणि सुरी व फळी पुढे आली. विळीत दोष निघाला म्हणून हे घडले नाही. तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली. पुढे कल्पक कारागिरांनी घडीची विळी केली, ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळण्याची केली, आणि तळाला रबरी वाटी लावून हवेच्या दाबाने दगडास चिकटणारी खवणीही केली. ही शेवटची युक्ती गुळगुळीत ग्रॅनाइटवर उत्तम चालते. मात्र जुन्या खडबडीत कडप्प्यावर किंवा दोन लाद्यांच्या सांध्यावर ठेवली, तर वाटीत हवा शिरते आणि नारळासह खवणी हातात येते. विद्यार्थ्यांनी वातावरणाचा दाब शिकताना हे उदाहरण अवश्य आठवावे. उलट दिवाळ्यासारख्या कोळी वस्तीत, जेथे अंगणात किंवा ओटीवर बसून मासळी साफ करतात, तेथे बसकी विळी आजही आपले काम चोख करीत असते. एकाच नगरात, हाकेच्या अंतरावर, एक उपकरण एका घरी निरुपयोगी आणि दुसऱ्या घरी अपरिहार्य ठरते.

दळण्याकांडण्याची कथा याहून गंभीर आहे. पवित्र शास्त्रात, अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात, कर्जापोटी कोणाचे जाते किंवा जात्याचा वरचा दगड गहाण ठेवून घेऊ नये असा नियम आहे. कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे होय. जात्याविना भाकर नाही, इतका त्याचा घराशी संबंध होता. तथापि जात्याचे गोडवे गाताना ते ओढणारी स्त्री पहाटे किती वाजता उठत असे, हे आपण विसरतो. गिरणी आली तेव्हा जात्यासाठी घरातील स्त्रियांनी फार शोक केला असेल असे आम्हांस वाटत नाही. ओव्या गेल्या याची हळहळ त्यांनाच अधिक वाटते, ज्यांनी कधी दळले नाही. आज कित्येक घरांत विजेवर चालणारी घरघंटी असते. तिने श्रम वाचतात, पीठ ताजे मिळते. पण तिचा आवाज शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे जातो, आणि धान्याचा पिसा घरभर बसतो. ती घेणाऱ्याने आधी आपल्या घरात तिची जागा मोजावी.

पाटा-वरवंट्याचे काम यंत्रावर आणणे मात्र दीर्घकाळ साधले नव्हते. पाश्चात्त्य बनावटीची मिश्रणयंत्रे फळांचा रस, सार, लोणी अशा मऊ पदार्थांसाठी योजलेली होती. आपल्या घरात सुकी हळद, भिजविलेले तांदूळ, खोबरे, चण्याची डाळ हे सारे वाटावे लागते, आणि तेही बराच वेळ सतत. तेवढ्यात त्या यंत्रांचे मोटर तापून जळत. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचे जर्मन बनावटीचे यंत्र असेच निकामी झाले व येथे त्याची दुरुस्ती होईना, तेव्हा पत्नीच्या आग्रहावरून त्यांनी या कामास हात घातला, अशी हकीकत सांगितली जाते. १९६३ च्या सुमारास सुरू झालेल्या या उद्योगातून 'सुमीत' मिक्सर निघाला, आणि पुढील दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरांत तो पाट्याच्या जागी बसला. येथे मोटर अधिक बळकट केली हे तर खरेच. परंतु विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे असे काही असेल तर ते हे की, शोधाचा आरंभ वापरणाऱ्या व्यक्तीच्या तक्रारीपासून झाला. तिला काय वाटायचे आहे व किती वेळ, हे प्रथम ठरले. यंत्र नंतर आले.

याच्या उलट क्रम पाहावयाचा असेल तर प्रेशर कुकरचा इतिहास वाचावा. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडन येथे हाडेसुद्धा मऊ करणारे बंद पात्र तयार केले, आणि वाफ अनावर होऊ नये म्हणून त्यास सुरक्षा-झडप बसविली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना या पात्रात शिजविलेले भोजनही देण्यात आले. तत्त्व साधे आहे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. वाफ कोंडून दाब सुमारे दुप्पट केला की ते १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि त्या उष्णतेत डाळ झपाट्याने शिजते. महाबळेश्वरास, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते; म्हणून तेथे उघड्या पातेल्यातील डाळ गृहिणीची परीक्षा पाहते. तत्त्व खरे, गरज खरी. तरीही ही वस्तू सामान्य घरांत येण्यास अडीचशे वर्षांहून अधिक काळ लागला. जड लोखंड, दाबाची भीती आणि किंमत या तीन गोष्टी आड आल्या.

भारतात १९५९ पासून हॉकिन्स व प्रेस्टिज हे कुकर तयार होऊ लागले. त्यांपैकी हॉकिन्सच्या झाकणाकडे विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. पात्राचे तोंड किंचित लंबगोल असते. झाकण तिरके करून आत घालतात व आतून वर ओढून बसवितात. वाफच त्यास आतून दाबून धरते, त्यामुळे दाब असेपर्यंत ते उघडता येत नाही. जी शक्ती अपघात करावयाची, तिलाच येथे पहारेकरी केले आहे. आणि पुढची युक्ती तर आपल्या घरांनीच काढली असावी: आत एकावर एक डबे ठेवून वरण, भात व बटाटे एकाच आचेवर शिजविणे. शिट्टी ही वस्तुतः जादा वाफ सोडण्याची सोय. पण घरोघरी ती घड्याळ झाली. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' ही आज्ञा ज्यास झाली नाही, असा मुलगा आमच्या पाहण्यात नाही.

डबे रचून वाफेवर शिजविण्याची कल्पना याहून जुनी आहे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' योजला. खाली कोळशाची शेगडी, वर पाण्याचे पात्र व त्यात डबे. सकाळी पेटवून कामास जावे व परत येऊन गरम जेवावे, ही त्याची सोय. याच घराण्यातील म्हणता येईल असा 'सराई' कुकर पुण्याच्या 'आरती' या संस्थेने केला. महर्षी कर्वे यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापिलेल्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली, आणि त्याबद्दल तिला २००२ मध्ये ब्रिटनमधील अॅश्डेन पुरस्कार मिळाला. असा मूठभर कोळसा पेटवून सराईत चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. ज्या खेड्यात लाकूडफाटा दूरून आणावा लागतो व धुराने डोळे चुरचुरतात, तेथे ही देणगीच आहे. पण नेरुळच्या आठव्या मजल्यावर, जेथे नळाने गॅस येतो, तेथे कोळसा पेटविणार कोठे आणि राख टाकणार कोठे? सराईत काही उणे नाही. घर मात्र दुसरे आहे.

आता अगदी अलीकडचे उदाहरण. मूळच्या पुण्याच्या प्रणोती नागरकर या अभियंतीने सिंगापुरात पोळ्या करणाऱ्या यंत्रावर २००८ साली काम सुरू केले. 'रोटीमॅटिक' या नावाने ते २०१६ साली ग्राहकांच्या घरी पोहोचू लागले. पीठ, पाणी व तेल निरनिराळ्या खणांत भरावे. यंत्र स्वतःच कणीक मळते, गोळा करते, दाबते, भाजते आणि फुगलेली रोटी बाहेर सोडते. आठ वर्षांच्या चिकाटीचे हे फळ आहे, आणि कणकेचा ओलावा ओळखून पाणी कमीजास्त करणारे यंत्र पाहिले की कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु आरंभी त्याची किंमत सुमारे एक हजार अमेरिकी डॉलर होती. ते ओट्याचा मोठा भाग व्यापते आणि उचलून ठेवण्याजोगे नाही. शिवाय ते फुलका करते. तेल लावून घातलेली आपली घडीची पोळी त्यास येत नाही, आणि उकड काढून हातावर थापलेली आगरी घरची तांदळाची भाकरी तर त्याच्या स्वप्नातही नसेल. परदेशात जेथे पतिपत्नी दोघे नोकरी करतात व मदतीस कोणी नाही, तेथे ते खरे साहाय्य करते. ज्या घरी आजीच्या हातची पोळी मिनिटाभरात तव्यावरून उतरते, तेथे प्रश्न निराळा आहे. तथापि आजी अजून किती वर्षे लाटणार आणि तिचे मनगट दुखते का, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. यंत्रास नाके मुरडणाऱ्यांनी लाटणे हातात घेऊन मग मुरडावीत.

आता अभ्यासाची रीत सांगतो. उपकरणाचा वेळ मोजताना बहुतेक मुले केवळ ते चालते तेवढाच वेळ मोजतात. दोरी ओढून कांदा चिरणारा चॉपर घ्या. चार झटक्यांत कांदा बारीक होतो, हे खरे. पण तो फळीवरून काढणे, जोडणे, कांद्याच्या फोडी करून आत घालणे, पात्यांच्या बेचक्यात अडकलेला चिकटा धुणे, झाकणातील दोरीत पाणी जाऊ न देणे आणि वाळवून ठेवणे, हा सर्व वेळ धरला, तर एका कांद्यापुरती सुरीच जिंकते. पाहुण्यांसाठी दहा कांदे चिरावयाचे असतील तर चॉपर जिंकतो. म्हणून मोजणी दोन्ही वेळा करावी, आणि धुणाऱ्या व्यक्तीचे मत वेगळे लिहावे. कारण कित्येक घरांत उपकरण आणणारा एक आणि ते घासणारी दुसरी असते. रबरी कडे झिजले तर ते कोपरखैरण्याच्या भांड्यांच्या दुकानात मिळते की नाही, वीज गेली असता काय करावयाचे, आजीच्या थरथरत्या हातास झाकण उघडते का, याही नोंदी कराव्यात.

आणि एक काम पालकांच्या साहाय्याने करावे. प्रत्येक घरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, किंवा कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, काही वस्तू खोक्यासह पडून असतात: इडलीचे जादा साचे, विजेचे रोटीयंत्र, लग्नात आलेले रस काढण्याचे यंत्र. विद्यार्थ्यांनी त्यांची यादी करावी आणि प्रत्येक वस्तू किती दिवस वापरली व का वर गेली, हे आईस किंवा घरी जो स्वयंपाक करीत असेल त्यास विचारून लिहावे. उत्तर दुरुस्त करू नये. ते जसे मिळेल तसे उतरावे. पुढील प्रदर्शनात नव्या उपकरणांच्या फलकांशेजारी या याद्या लावण्यास आम्ही एक भिंत मोकळी ठेवीत आहो.