पाहुणा झाला घरचा

मुलांनो, सकाळी कागलच्या गैबी चौकातून जाताना मिसळीच्या तिखट कटाचा वास कधीतरी तुम्हांला आलाच असेल. मिसळीची बशी समोर आली की तिच्याबरोबर पाव येतो. आता सांगा, 'पाव' हा शब्द कोणत्या भाषेतला? काही जण म्हणतील, मराठीतला. काही म्हणतील, आम्ही घरी उर्दू बोलतानाही पावच म्हणतो, म्हणजे तो उर्दूतला. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि एका अर्थी दोन्ही बरोबरही आहेत. ते कसे, हे समजण्यासाठी माझ्याबरोबर गोव्याला चला.

कागलहून निपाणी, आजरा असे करत आपण आंबोलीचा घाट उतरतो. सावंतवाडी व बांदा मागे पडले की गोव्याची हद्द लागते. पुढे म्हापसा, मग मांडवी नदीवरचा पूल आणि पलीकडे पणजी शहर.

पणजीतली माझी पहिली सकाळ मला अजून आठवते. बाहेरून 'पों पों' असा आवाज आला. खिडकीतून पाहिले, तर एक माणूस सायकलवर मोठी टोपली घेऊन उभा होता. टोपलीत गरम पाव होते. गोव्यात या पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात. पोदेर हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि पाव हा शब्दही तिथूनच आला आहे. पोर्तुगीज लोक आपल्या रोटीला पाव म्हणत.

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. म्हणजे साडेचारशे वर्षे तेथे त्यांचे राज्य होते. त्यांना भाताऐवजी आपली रोटी हवी होती; पण पीठ फुगवण्यासाठी लागणारे खमीर येथे सहज मिळत नव्हते. तेव्हा माडापासून मिळणारी ताडी, जिला गोव्यात 'सूर' म्हणतात, ती पिठात घालून ते आंबवू लागले. आता बहुतेक भट्ट्यांमध्ये यीस्ट वापरतात. पाव मात्र एकाच प्रकारचा राहिला नाही. जाड कवचाचा गोल 'उंडो', कोंड्याची 'पोळी', चहात बुडवून खायचे कडक 'कांकण' असे त्याचे कितीतरी प्रकार झाले.

पोदेर गेल्यावर मी न्याहारीसाठी 'कॅफे तातो' शोधत निघालो. हे छोटे उपाहारगृह १९१३ साली सुरू झाले. तेथील भाजी-पावाची ख्याती मी ऐकून होतो. आत गर्दी होती. एका टेबलावर जागा मिळाली. समोर कपाळाला गंध लावलेले एक आजोबा बसले होते. ओल्या नारळाचे वाटण घातलेली पातळ भाजी आणि मऊ पाव आला. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "वा!"

आजोबा हसले. "कुठले तुम्ही?"

"कागलचा. शाळेत शिक्षक आहे."

"मास्तर, एक सांगू? माझ्या आजीनं जन्मभर पावाला हात लावला नाही. ती म्हणायची, पाव खाल्ला की माणूस बाटतो. आणि मी रोज इथं येऊन पाव खातो!"

आजोबांच्या आजीचे म्हणणे एकट्या तिचे नव्हते. गोव्यात आणि वसईत जुने लोक सांगत की, विहिरीत पावाचा तुकडा पडला आणि त्या विहिरीचे पाणी कोणी प्यायले, तरी त्याला जातीबाहेर टाकत. त्या माणसाने कोणताही गुन्हा केलेला नसे. नुसत्या तुकड्यामुळे माणसे आपल्याच माणसांना परकी होत! आज मात्र त्याच पावासाठी वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका टेबलाला बसतात.

तेव्हा मला आपल्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांची आठवण झाली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. ते दलित असल्यामुळे त्यांच्या हातचा चहा घ्यायला लोक कचरत. महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पीत. राजाने कपाला ओठ लावले, मग इतरांनाही नाही म्हणणे जड गेले. पाव काय किंवा चहा काय, पदार्थ माणसाला बाटवत नाही. मनातील भेद मात्र माणसाला लहान करतो.

आता शब्दांकडे वळू. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द येथेच राहिले. मराठीत आपण बादली म्हणतो, उर्दूत बाल्टी. मराठीत चावी, उर्दूत चाबी. मराठीत लिलाव, उर्दूत नीलाम. या प्रत्येक जोडीचे मूळ एकच पोर्तुगीज शब्द आहे. अननस आणि काजू तर दोन्ही भाषांत सारखेच! मराठीचा तास सुरू झाला की तुमच्यापैकी काहींना ही भाषा अवघड आणि परकी वाटते. तेव्हा आठवा, तुमच्या घरातील बाल्टी आणि शेजारच्या घरातील बादली या सख्ख्या बहिणी आहेत.

उद्या मिसळीबरोबर पाव मोडाल, तेव्हा त्याला त्याचे गाव विचारू नका. तो पाहुणा म्हणून आला आणि आता घरचा झाला आहे.

स्वाध्याय

१. पोर्तुगिजांना पीठ आंबवण्यासाठी ताडी का वापरावी लागली?
२. आजोबांची आजी पाव का खात नसे?
३. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या दुकानात चहा का पीत असत, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. घरी उर्दूत आणि शाळेत मराठीत सारखेच वापरले जाणारे दहा शब्द गोळा करा.