संगणक बिघडला की दुभाषा चुकला?

शाळेच्या संगणक-कक्षात एखादा जुना संगणक असतोच. त्यावर विंडोज एक्सपी आहे असे समजू. कोणीतरी हाताशी असलेल्या सीडीवरून डिस्प्लेचा ड्रायव्हर त्यात भरला आणि दुसऱ्या दिवशी पडदा काळाच राहिला! मग एक जण म्हणतो, "भंगारात द्या." दुसरा म्हणतो, "हार्ड डिस्क कोरी करून सारे नव्याने भरू." तसे केले तर वर्षानुवर्षे जमवलेल्या फायली जातील. पण थांबा. यंत्र खरोखरच बिघडले आहे काय?

ड्रायव्हर म्हणजे एक दुभाषा होय. विंडोज सांगते, "येथे रेघ काढ." ही आज्ञा डिस्प्ले कार्डाला समजेल अशा संकेतांत पोचवण्याचे काम ड्रायव्हर करतो. प्रत्येक कार्डाचे संकेत वेगळे. कानडी माणसापुढे बंगाली दुभाषा उभा केला, तर दोघांचाही दोष नसताना बोलणे खुंटणारच.

ही शंका खरी की खोटी, हे प्रयोगानेच ठरवू. संगणक सुरू करा आणि विंडोजचे चिन्ह दिसण्यापूर्वीच एफ-८ ही कळ पुनःपुन्हा दाबा. येणाऱ्या यादीतून सेफ मोड निवडा. या अवस्थेत विंडोज तुमचा नवा ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि व्हीजीए हा साधा ड्रायव्हर वापरते. व्हीजीए ही पद्धत १९८७ साली आयबीएमने आणली. पुढची बहुतेक सर्व कार्डे ती समजतात. आता जाड अक्षरांत, थोड्या रंगांत का होईना, चित्र दिसले, तर मॉनिटर, केबल आणि कार्डाचा निदान मूळ भाग शाबूत आहे. दोष दुभाष्याचा! चित्र तरीही दिसले नाही, तर मात्र आधी केबल व मॉनिटर तपासा.

आता दुरुस्ती. माय कॉम्प्युटरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर असे जा. डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्सखालील नावावर दोनदा क्लिक करा. ड्रायव्हर या पानावरील रोल बॅक ड्रायव्हर हे बटण पूर्वीचा ड्रायव्हर परत आणते. पूर्वीचा नसेलच, तर अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा.

पण योग्य ड्रायव्हर कोणता, हे कसे ओळखावे? खोक्यावरच्या नावावरून नव्हे. ते कार्डालाच विचारा! डीटेल्स या पानावर व्हेन आणि डेव्ह या रोमन अक्षरांपुढे प्रत्येकी चार खुणांचा एकेक अंक दिसेल. पहिला उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. हे अंक सोळा बिटांचे असतात. म्हणजे प्रत्येकी ६५,५३६ वेगवेगळ्या नोंदी शक्य आहेत. षोडशमान पद्धत असल्याने त्यांत ए ते एफ ही अक्षरेही येतात. व्हेनपुढे ८०८६ दिसले, तर उत्पादक इंटेल. १९७८ साली आलेल्या आपल्या ८०८६ या प्रोसेसरचाच क्रमांक या कंपनीने ओळख म्हणून घेतला आहे.

हे दोन्ही अंक वहीत टिपून घ्या. एक्सपीचा सुरक्षा-पुरवठा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. म्हणून हा संगणक इंटरनेटला न जोडलेलाच बरा. दुसऱ्या संगणकावर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून एक्सपीसाठीचा ड्रायव्हर उतरवा आणि पेन ड्राइव्हने आणा. भरण्यापूर्वी त्यातील आयएनएफ प्रकारची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि तुमचे अंक शोधा. ते दोन्ही एकाच ओळीत सापडले, तर हा दुभाषा तुमच्या कार्डाची भाषा जाणतो. न सापडले, तर तो भरू नका.

पाहिलेत ना? नवा सुटा भाग लागला नाही, एकही फाइल गेली नाही. यंत्राला दोष देण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे प्रयोगाने ठरवावे, एवढेच आपण केले.

करून पाहा : तुमच्या शाळेतील चालू संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, काहीही न बदलता, डिस्प्ले व नेटवर्क कार्डांचे अंक शिक्षकांसमवेत टिपा. दोन्हींचा उत्पादक एकच आहे काय?