‘ध’चा ‘मा’ : पुरावा, प्रवाद आणि मतैक्य

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती राघोबादादांना दोषी धरले, याविषयी अभ्यासकांत मतैक्य आहे. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केले, ही मराठीला एक वाक्प्रचार देऊन गेलेली समजूत मात्र त्याच तोलाची मानता येत नाही.

ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासात ही हकीकत येते. तेथील विधानांची प्रत नीट पाहावी. राघोबांनी गारद्यांना दिलेला कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला व त्यातील शब्द बदललेला होता, हे एक विधान. तो बदल आनंदीबाईंनी केला, हे दुसरे. दुसऱ्यासाठी डफ कोणाची साक्ष देत नाही, केवळ सार्वत्रिक समजुतीचा हवाला देतो. पुढे हा भेद पुसट झाला. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) तर आनंदीबाईंची कारस्थानी प्रतिमा रंगभूमीवर ठसवली. नाटककाराला तो अधिकार आहेच. प्रेक्षक नाटकाला बखर मानू लागला, तर त्याला नाटककार काय करणार?

एकाच उगमावरून उतरलेली पन्नास विधाने म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत. मूळ कागद आज अभ्यासकांसमोर नाही. तो असता, तर छापील देवनागरी नव्हे, मोडी वळणे तपासावी लागली असती. शिवाय ‘ध’ला काना नाही, ‘मा’ला आहे, म्हणजे फेरफार एका अक्षराहून अधिक ठरतो.

या प्रवादाचा लाभ कोणाला होतो, हेही विचारले पाहिजे. ‘मारावे’ पत्नीचे ठरले की पतीकडे केवळ ‘धरावे’ उरते. परंतु गादीवरील पेशव्यास सशस्त्र गारद्यांकरवी धरविणे हाच मुळात राजद्रोह होय. राघोबांविषयीचे मतैक्य त्या एका शब्दावर विसंबून नाही. शास्त्रीबुवांचा निर्णय, खुनानंतर राघोबांनी स्वीकारलेली पेशवाई आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले बारभाई, असे निरनिराळ्या बाजूंचे धागे तेथे एकत्र येतात.

आनंदीबाई निर्दोष होत्या, असे यावरून निघत नाही. फेरफाराचा आरोप त्यांच्यावर सिद्ध झालेला नाही, एवढेच निघते. वर्गात हा प्रसंग शिकविताना डफच्या वाक्यातील ‘समजले जाते’ हे शब्द जागच्या जागी परत ठेवले, तरी तूर्त पुरे.