पवई तलावातील मासे आणि गळ

मुंबईचा पवई तलाव १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधण्यात आला. पुढे ते पाणी पिण्यास अयोग्य ठरले. हौशी मंडळींचे गळ मात्र तेथे पडत राहिले. गळाला काय लागावे, हे नशिबापेक्षा मत्स्यबीजावर अवलंबून असते. कटला, रोहू व मृगळ हे मूळचे नदीतील मासे. साचलेल्या पाण्यात ते उत्तम वाढतात, परंतु पुराच्या वाहत्या पाण्यावाचून सहसा वीत नाहीत. म्हणून बोटुकली सोडावीच लागते. गावतळ्यांचीही हीच गोष्ट. तिलापियाचे नेमके उलटे. त्याची मादी अंडी तोंडात जपते, पिलावळ वाढते आणि तळे खुज्या माशांनी भरते. सांडपाण्यावर फोफावलेली जलपर्णी पाण्यातील प्राणवायू घटविते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडताना दिसले, तर ते भरघोस शिकारीचे सुचिन्ह नव्हे; ते गुदमरत असतात.