कंबरदुखी : पाठीचे स्नायू आणि ‘कडकन’ आवाजाचा उपचार

आपल्या वस्तीत आरोग्य शिबिर असले की झाडूकाम, धुणीभांडी, बिगारी किंवा खुरपणी करणाऱ्या भगिनी येतात आणि बहुतेकींचे सांगणे एकच असते, “ताई, मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलंय.” या एका शब्दाने माणूस इतका घाबरतो की वाकणे, चालणे सगळे सोडून देतो. वय वाढले की मणक्यांमधल्या गाद्या थोड्या झिजतात, चपट्या होतात. ज्यांची कंबर कधी दुखली नाही त्यांच्याही फोटोत हे दिसते. म्हणून केवळ फोटोवरून घाबरू नका.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. बहुतेकांत हाड मोडलेले नसते, गाठ नसते, एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

मंडपाचा खांब आठवा. तो उभा राहतो तो चारी बाजूंच्या दोऱ्यांच्या ताणावर. पाठकण्याचेही तसेच आहे. मणक्यांना अगदी चिकटून, आतल्या बाजूला मल्टिफिडस नावाचे स्नायू असतात. ते एका मणक्याला खालच्या मणक्यांशी बांधून ठेवतात आणि कंबरेत ते सर्वांत जाड असतात. कंबरेत चमक भरली की हा स्नायू काम कमी करतो आणि बारीक होऊ लागतो. ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांची सोनोग्राफी करून दाखवले की दुखणे थांबले तरी हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. त्यासाठी मुद्दाम व्यायाम द्यावा लागतो. दुखणे गेले, कामाला लागलो, आणि काही महिन्यांत पुन्हा उसण भरली, असे होण्यामागे हे एक कारण असू शकते.

आता कायरोप्रॅक्टिकविषयी. मोबाईलवर मान-कंबर कडकन मोडून देणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ही पद्धत अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये डेव्हनपोर्ट गावी सुरू केली. त्यांचा पहिला रुग्ण हार्वी लिलार्ड हा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता. पाठीचा मणका दाबून त्याचे बहिरेपण घालवले, असा पामर यांचा दावा. मणका सरकल्यामुळे जवळजवळ सगळे आजार होतात, हे त्यांचे मत शास्त्राच्या कसोटीवर टिकलेले नाही. कोणी मणका दाबून मधुमेह, दमा किंवा रक्तदाब बरा करतो म्हणाला तर तिथून उठून या.

कंबरदुखीपुरते मात्र चित्र वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि मालिश यांच्याबरोबर हाताने मणक्यांना हालचाल देण्याचा उपचारही आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे यांची मात्र नेहमीच्या उपचारात शिफारस नाही. पट्ट्यावर पैसे घालवलेल्या कितीतरी जणी मला भेटतात. अभ्यासांतून दिसते ते एवढेच की हाताच्या उपचाराने येणारा आराम व्यायामासारख्या इतर चांगल्या उपचारांइतकाच असतो. तो ‘कडक’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची आपल्याकडची समजूतही त्यातलीच, आणि तिथे तर जोराची लाथ बसण्याची भीती.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो. आपल्या देशात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी लावणाऱ्याचे शिक्षण कुठे झाले हे आपणच विचारायचे. महिनोन्‌महिन्यांचे पॅकेज आगाऊ पैसे घेऊन देत असतील तर नको म्हणा. शासकीय रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात आधी जा.

आणि काही रुग्णांच्या पाठीला असा झटका देऊच नये. रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे, बारीक ताप, वजन घटणे, ही मणक्याच्या टीबीची लक्षणे असू शकतात. आपल्या वस्त्यांत टीबी अजून आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व औषधे मोफत आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर बाया, पूर्वी कॅन्सर झालेले, पडून मार लागलेले, यांनीही आधी डॉक्टरांना दाखवावे. लघवी तुंबली, संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

घरी काय करावे? पाठीवर झोपून गुडघे दुमडा, पाय जमिनीवर ठेवा, कुल्हे हळू वर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. दुसरा व्यायाम गुडघे-हात टेकून : उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ, पाठ सपाट, मग बाजू बदला. प्रत्येकी आठ-दहा वेळा, श्वास न रोखता. थोडे ओढल्यासारखे वाटले तर चालेल. कळ पायात उतरली तर थांबा. चालणेही सोडू नका. २०२४ साली ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे ध्येय दिलेल्या गटात दुखणे उलटायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, दुसऱ्या गटात ११२.

व्यायाम करूनही दिवसाचे सहा तास आखूड झाडूने वाकून काम असेल तर कंबरेला विश्रांती कशी मिळणार? लांब दांड्याचा झाडू, ओझ्यासाठी ढकलगाडी ही साधने मुकादमाकडे तोंडी मागून मिळत नाहीत. पाच-सहा जणींनी मिळून अर्ज लिहा, तारीख घाला आणि पोच घ्या.