म्हाकुळाची पिले : आधी खाद्य, मग अंडी

जाळ्याच्या दोरीला, बोयाच्या दोराला किंवा शिणाण्यांच्या तराफ्याला काळ्या द्राक्षांच्या घडासारखे काही चिकटून आलेले आपण पाहिले असेल. पुष्कळ ठिकाणी ते ओरबाडून वाळूत टाकले जाते आणि दुपारपर्यंत उन्हात सुकून जाते. ही म्हाकुळाची अंडी होत. अलीकडे घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवणारे काही तरुण ही अंडी घरी नेऊन उबवून पाहतात. अंडी बहुधा उबतातही. परंतु पिले आठ-दहा दिवसांत एकामागून एक मरतात आणि दोष पाण्याला दिला जातो. पाणी हे एक कारण असू शकते. पण बहुतेक वेळा ही पिले उपाशी मेलेली असतात. म्हैस दावणीला बांधण्यापूर्वी आपण वैरणीची सोय करतो. येथेही तोच क्रम ठेवावा लागतो आणि या लेखात त्याच बाजूने माहिती दिली आहे.

कोणते म्हाकूळ निवडावे?

कोकणात म्हाकूळ किंवा माकूल हा शब्द सैलपणे वापरला जातो. लांबट, नळीसारखे आणि अंगात पारदर्शक पात्यासारखा कणा असलेले ते स्क्विड. अंगाने रुंद आणि पाठीत पांढरी, हलकी, चुनखडीसारखी ढलपी असलेले ते कटलफिश. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासण्यासाठी अडकवतात तो समुद्रफेन म्हणजे हीच ढलपी. या लेखात म्हाकूळ म्हणजे हे दुसरे, ढलपीचे म्हाकूळ समजावे.

आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जातींपैकी दोन येथे लक्षात घेण्यासारख्या आहेत. सेपिया फॅरॉनिस ही मोठी जात. तिचे धड ४० सें.मी.पर्यंत वाढते. बाजारात तिला मान आहे, पण घरच्या टाकीत ती थोड्याच महिन्यांत मावेनाशी होते. तिची अंडी पांढुरकी, अर्धपारदर्शक असतात. दुसरी जात सेपिएला इनर्मिस. ही लहान असून तिचे धड १२ सें.मी.च्या आसपास थांबते. तिची अंडी शाईने माखलेली, म्हणून काळी दिसतात. घरगुती टाकीसाठी काळी अंडीच घ्यावीत. पांढरी अंडी मिळाल्यास ती समुद्रात परत सोडणे हेच योग्य.

अंडी कोठून घ्यावीत, याचेही तारतम्य हवे. जाळ्याला किंवा दोराला आलेली, एरवी वाया जाणारी अंडीच घ्यावीत. प्रवाळावर किंवा समुद्रपंख्यावर घातलेली अंडी काढण्यासाठी ती फांदी तोडू नये. प्रवाळ व समुद्रपंखे यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे. त्याच्या हद्दीतून काहीही उचलू नये.

खाद्याचा हिशेब

जिताड्याच्या बोटुकल्यांना गोळी खाद्याची सवय लावता येते. म्हाकुळाचे पिलू मात्र सुरुवातीला फक्त हलणारे, जिवंत भक्ष्य पकडते. पडून राहिलेल्या तुकड्याकडे ते वळूनही पाहत नाही. अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच ते मोठ्या म्हाकुळाची छोटी प्रतिकृती असते : आठ हात, दोन लांब सोंडा, शाईची पिशवी, रंग बदलणारी त्वचा, सारे काही तयार. पाण्यात तरंगत राहण्याची कोळंबीसारखी अळी अवस्था त्याला नसते. त्यामुळे सूक्ष्म प्लवंगावर काही दिवस काढण्याची सोयही नाही. पहिल्या दिवसापासून तो शिकारी असतो.

पोटात उरलेल्या बलकावर पिलू एक-दोन दिवस काढते. त्यानंतर त्याला स्वतःच्या अंगाहून थोडे लहान भक्ष्य हवे. यासाठी सर्वात उत्तम म्हणजे माइसिड हे जीव. खाडीच्या काठाला, उथळ पाण्यात, बारीक कोळंबीसारखे दिसणारे, काळ्या डोळ्यांचे पारदर्शक जीव थव्याने फिरतात ते हेच. कोळीम धरताना त्यात हे सापडतात. खुद्द कोळीम व बारीक जवळाही चालतो, मात्र तो जिवंत हवा आणि जाळ्यातून काढल्यावर तो फार वेळ जगत नाही. मच्छरदाणीच्या कापडाची झोळी करून सकाळी ओहोटीच्या वेळी माइसिड धरावेत आणि हवा सोडलेल्या वेगळ्या बादलीत आणावेत. खाडीच्या पाण्याचा खारेपणा टाकीपेक्षा कमी असल्यास त्या बादलीत टाकीचे पाणी दोन-तीन तासांत थोडे थोडे मिसळावे. खाडीचे पाणी टाकीत ओतू नये. जीव गाळून तेवढेच सोडावेत.

बाजारात आर्टेमियाची अंडी डब्यात मिळतात आणि ती उबवणे सोपे असते. म्हणून अनेकजण त्यावर विसंबतात. आर्टेमियाची नुकती निघालेली अळी म्हाकुळाच्या पिलाला फारच लहान पडते आणि पोषणातही कमी पडते. वाढवलेला, सुमारे १ सें.मी.चा आर्टेमिया अडचणीच्या दिवशी चालतो. मात्र केवळ त्यावर ठेवलेली पिले वाढत नाहीत व हळूहळू गळतात.

आता गणित करू. एका पिलाला दिवसाला सरासरी १० माइसिड धरले तर २० पिलांना रोज २०० आणि महिन्याला ६,००० जीव लागतील. पहिल्या आठवड्यात याहून कमी लागतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भक्ष्य मोठे द्यावे लागेल. लहान वयात म्हाकूळ रोज स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके खाते, हे ध्यानात ठेवावे. एवढे जीव आपण रोज, निदान एक दिवसाआड आणू शकू का? खाडी घरापासून किती अंतरावर आहे? उधाणाच्या दिवशी, आजारपणात किंवा लग्नकार्यात कोण जाईल? उत्तर नाही असे असेल तर अंडी आणू नयेत. उत्तर हो असले तरी अंडी आणण्यापूर्वी आठ दिवस रोज माइसिड धरून, बादलीत जगवून पाहावेत. हा सराव फुकट जात नाही. कोणत्या भरतीला, कोणत्या वळणावर थवे येतात हे त्यातूनच कळते.

टाकी व पाणी

३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे १६० लिटर पाणी राहते. सुरुवातीच्या २० पिलांना ती पुरते. पाणी खाडीच्या मुखापासून दूर, खडकाळ किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी घ्यावे. ते दुहेरी कापडाने गाळून झाकलेल्या पिंपात आठवडाभर स्थिर ठेवावे व वरचे नितळ पाणी वापरावे. खारेपणा दर हजारी ३० ते ३५ भाग असावा. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गोडसर व गढूळ होते, म्हणून हे काम ऑक्टोबरनंतर हाती घेणे सोयीचे. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस आणि सामू ८ ते ८.३ असावा. वाफ होऊन पातळी खाली गेल्यास तेवढे गोडे पाणी घालावे, कारण वाफेबरोबर मीठ उडून जात नाही.

गाळणीसाठी हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरावा. जोराने पाणी ओढणाऱ्या पंपात पिले अडकतात. नव्या टाकीत अमोनिया व नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकीत कोळंबीचे एक-दोन तुकडे कुजू द्यावेत, तपासणी संचाने पाणी पाहत राहावे आणि दोन्हींचे माप शून्यावर आल्यावर निम्मे पाणी बदलून मगच अंडी ठेवावीत. म्हाकूळ खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. पिले वाढू लागली की दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

तांब्याचा अंशही या जिवांना विषारी असतो. तांब्या-पितळेच्या भांड्याने पाणी भरू नये. माशांच्या रोगावर वापरलेली तांबेयुक्त औषधे ज्या टाकीत पूर्वी घातली असतील ती टाकी या कामासाठी घेऊ नये. बागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांनी ती बादली तर येथे अजिबात आणू नये. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवा-पंप घरात असावा. ऑक्टोबरमधील गडगडाटी पावसात त्याची गरज पडतेच.

अंडी उबवणे

घड आणताना तो सतत समुद्राच्या पाण्यात बुडालेला व सावलीत असावा. घरी आल्यावर बादलीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने, तासाभरात मिसळावे. मग घड प्लॅस्टिकच्या जाळीदार टोपलीत ठेवून टोपली टाकीत टांगावी. अंड्यांभोवती पाणी हळूहळू फिरत राहिले पाहिजे. हवेचे बुडबुडे मात्र थेट अंड्यांवर येऊ देऊ नयेत. मऊ पडलेली, कुजकट वासाची किंवा बुरशी धरलेली अंडी रोज कात्रीने वेगळी करावीत.

आपल्याकडील उबदार पाण्यात अंडी घातल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पिले निघतात. आपल्याला घड केव्हा घातला गेला हे माहीत नसते, म्हणून अंड्याकडे पाहून अंदाज करावा. गर्भ वाढतो तसे अंडे फुगते, कवच ताणून पातळ होते आणि काळा रंग विरळ होऊन आतील हालचाल दिसू लागते. या अवस्थेत हिसका, तापमानातील उडी किंवा एकाएकी लावलेला प्रखर दिवा यांमुळे पिले वेळेआधी बाहेर पडतात. अशा पिलांच्या तोंडाशी बलकाची पिशवी लोंबताना दिसते आणि ती सहसा जगत नाहीत.

पिलांची देखभाल

टाकीच्या तळाशी बारीक, धुतलेली वाळू पसरावी. पिले तीत अंग पुरून बसतात. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावावा आणि उजेड मंद ठेवावा. दचकलेले म्हाकूळ मागच्या बाजूने सुसाटते व शेपटीकडचे टोक काचेवर आपटते. तेथे जखम होऊन ती चिघळली की जनावर हाती लागत नाही. काचेवर टिचक्या मारणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. शाई सोडली तर लगेच पाणी बदलावे, कारण लहान टाकीत शाई पिलांना गुदमरवते.

खाद्य दिवसातून तीन वेळा थोडे थोडे द्यावे. पिलू शिकार करताना पाहण्यासारखे असते : ते आधी भक्ष्याकडे तोंड वळवते, रंग गडद करते, पुढचे दोन हात उभारते आणि लांब सोंडा क्षणात फेकून भक्ष्य ओढून घेते. जे पिलू असे करत नाही त्याकडे लक्ष द्यावे. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे, खाली जाण्यास धडपडणारे पिलू बहुधा उपाशी वा अशक्त असते. ढलपीतील बारीक कप्प्यांत वायू व द्रव यांचे प्रमाण बदलून म्हाकूळ पाण्यात वरखाली होते, आणि शक्ती घटली की हा तोल बिघडतो. अशी दोन-तीन पिले दिसली तर औषध शोधू नये. माइसिड वाढवावेत आणि पाणी तपासावे. दाटी व उपासमार एकत्र आली की मोठी पिले लहानांना खातात.

सुमारे महिन्याने मेलेल्या खाद्याची सवय लावता येते. सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा पातळ काडीच्या टोकाला लावून पिलासमोर हलवावा. पहिले काही दिवस ते सोडून देते, मग घेते. एकदा घेतले की रोजचा खाडीचा फेरा सुटतो. उरलेला तुकडा तासाभरात काढून टाकावा. सवय लागेपर्यंत जिवंत खाद्य बंद करू नये. या काळात दाटी कमी करून टाकीत पाच-सहाच जनावरे ठेवावीत.

यातून पैसे मिळतात का?

स्पष्ट सांगायचे तर नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन येथे प्रयोगशाळांसाठी म्हाकुळांच्या पिढ्या वाढवल्या गेल्या, थायलंडमध्ये काम झाले आणि आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातील विळिंजम येथे अंड्यांपासून पिले वाढवली. तरीही जिवंत खाद्याचा खर्च आणि म्हाकुळाचे अल्प आयुष्य यांमुळे कोळंबीसारखा व्यवसाय उभा राहिलेला नाही. सेपिएला काही महिन्यांतच प्रौढ होते आणि अंडी घातल्यावर मरते. टाकीतील जनावर वर्षभर टिकेल अशी अपेक्षाच धरू नये. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यासाठी किंवा हौसेखातर मात्र हे काम जरूर करावे.

मच्छीमारांच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट टाकीबाहेरची आहे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नारळाच्या वाळलेल्या पेंडी समुद्रात सोडून म्हाकुळांना आकर्षित करण्याची पद्धत पसरली, तेव्हा अंडी घालण्यास जमलेली जनावरेच पकडली जाऊ लागली आणि त्यावरून मच्छीमारांत तंटेही झाले. आपल्या दोरावर आलेला घड वाळूत टाकणे हे त्याच वाटेवरचे छोटे पाऊल आहे. त्याऐवजी घड जाळीदार टोपलीत ठेवावा, टोपलीला दगडाचे वजन बांधावे आणि ती बोयाच्या किंवा तराफ्याच्या दोराला, पृष्ठभागापासून दोन-तीन मीटर खाली टांगावी. जाळीची भोके बोट जाईल एवढी असावीत, म्हणजे पिले आपोआप बाहेर पडतील. याला ना खाद्य लागते, ना वीज.

घरी उबवणाऱ्यांनीही एका घडातून २० पिले ठेवून बाकीची, निघाल्यापासून एका दिवसात, अंडी आणली त्याच भागात संध्याकाळी खडकांच्या आडोशाला सोडावीत. ज्या टाकीत बाजारातून आणलेले शोभेचे मासे आहेत त्या टाकीतील पिले मात्र समुद्रात सोडू नयेत, त्यांच्याबरोबर रोग जाण्याचा संभव असतो.